फझी कंट्रोलर: नियम लिहिण्याआधी काय काय मोजावं?

कासवगती (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. प्रयोगशाळेतली एक छोटी भट्टी ६० ते २०० अंश सेल्सियसमध्ये कुठेही स्थिर ठेवायची आहे. हीटर सॉलिड स्टेट रिलेवर (इलेक्ट्रॉनिक स्विच), सेन्सर के-टाइप थर्मोकपल, तो वाचायला मॅक्स६६७५ चिप आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर. थंड करायला पंखा वगैरे काही नाही, हीटर बंद केला की आपोआप जेवढं निवेल तेवढंच.

सध्या पीआयडी आहे (चूक म्हणजे हवं ते वजा असलेलं तापमान, तिची साठत जाणारी बेरीज म्हणजे इंटिग्रल, आणि बदलाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, या तिन्हींवरून हीटर ठरवणारा नेहमीचा कंट्रोलर). ६० वर ट्यून केला तर २०० वर रडतखडत पोचतो. २०० वर ट्यून केला तर ६० च्या पुढे ६-७ अंश जातो आणि खाली यायचं नाव घेत नाही. फझी लॉजिकने, म्हणजे "थोडं", "जास्त" अशा ढोबळ शब्दांत नियम लिहून, हे सुटेल का? नियम किती लागतील, आणि ते आणायचे कुठून? भट्टीचं मॉडेल आधी बनवावंच लागतं का?

पीआयडी_पुरे
या कामाला फझी नको. भट्टी तापत असताना इंटिग्रल साठत राहतो आणि सेट-पॉइंट (हवं ते तापमान) आला तरी रिकामा होत नाही, ६-७ अंशांतला बराचसा भाग त्याचाच असणार. आउटपुट १००% ला टेकलं की इंटिग्रल गोठवा. डेरिव्हेटिव्ह चुकीवर न घेता तापमानावर घ्या, म्हणजे सेट-पॉइंट बदलताना धक्का बसणार नाही. मग उरलेल्या दुखण्याबद्दल बोलू.

वाफारा
पीआयडी_पुरे यांनी सांगितलेलं आधी कराच, पण तेवढ्याने दोन टोकांचा फरक जाणार नाही. भट्टीचा स्वभावच तापमानाबरोबर बदलतो. कासवगती, चार आकडे मोजून द्या: ६० च्या आसपास पूर्ण शक्तीवर मिनिटाला किती अंश चढते, हीटर बंद केल्यावर किती उतरते, आणि हेच दोन्ही २०० ला. शिवाय ६०, १००, १५० आणि २०० वर स्थिर राहायला सरासरी किती टक्के शक्ती लागते तेही. त्याशिवाय नियम लिहिणं म्हणजे अंदाजपंचे.

थोडा इतिहास, कारण तो इथे कामाचा आहे. फझी लॉजिकचे जनक लोत्फी झादे यांचा फझी संचांवरचा लेख १९६५ चा. पण यंत्रावर पहिल्यांदा हे चालवलं ते लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात ममदानी आणि असिलियन यांनी, १९७० च्या दशकाच्या मध्यावर. यंत्र होतं एक छोटं वाफेचं इंजिन. दोन लूप होते: बॉयलरचा दाब उष्णतेवर आणि इंजिनचा वेग थ्रॉटलवर. चूक आणि चुकीतला बदल यांवर नियम लिहायची आजची पद्धत तिथूनच आली. त्यानंतर डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीने सिमेंटच्या भट्ट्यांवर ती नेली. तिथे चांगलं समीकरण मिळणं अवघड होतं, पण भट्टी चालवणाऱ्या माणसांकडे पक्के ठोकताळे होते. नियम असे कुठूनतरी यावे लागतात, एक तर अनुभवी ऑपरेटरकडून, नाहीतर मोजमापातून. तुमच्याकडे ऑपरेटर नाही, म्हणून मोजमाप.

चाकोरी
जपानमधल्या सेंदाईची मेट्रो १९८७ पासून फझीवर चालते म्हणतात. मग एक भट्टी का नाही चालणार?

वाफारा
@चाकोरी, ते उदाहरण खरं आहे, पण तिथे साधा चूक-बदलाचा तक्ता नव्हता. हिताचीची ती प्रणाली ब्रेकच्या किंवा मोटरच्या प्रत्येक संभाव्य आदेशाचा परिणाम आधी मॉडेलवर वर्तवते. मग सुरक्षितता, आराम, ऊर्जा, थांब्यावरची अचूकता अशा निकषांना फझी गुण देऊन त्यातला एक आदेश निवडते. म्हणजे आत गाडीचं मॉडेल आहेच. "फझीला मॉडेल लागत नाही" हे वाक्य ऐकलं की ही मेट्रो आठवावी.

त्रिकोणी
कंट्रोलर बांधायचा क्रम सांगतो. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच गडबडतात.

चालू असलेल्या रेषीय पीडीपासून (इंटिग्रलशिवायचा पीआयडी) सुरू करा आणि फझी कंट्रोलर असा मांडा की तो पहिल्या दिवशी हुबेहूब त्या पीडीसारखाच वागेल. त्यासाठी चार अटी: त्रिकोणी सदस्यता फलनं (आकडा एखाद्या संचात किती बसतो ते ० ते १ मध्ये सांगणारी), शेजारच्या दोन त्रिकोणांची बेरीज सगळीकडे १, "आणि"साठी गुणाकार, आणि आउटपुटला संचांऐवजी एकेक आकडा, म्हणजे सिंगलटन. मग नियमांचा पृष्ठभाग म्हणजे शिखरबिंदूंवरच्या आकड्यांमधलं सरळ द्विरेषीय इंटरपोलेशन (दोन्ही दिशांना शेजारच्या आकड्यांवरून प्रमाणात मधला आकडा काढणं). ते आकडे पीडीच्या सूत्राने भरले की सपाट प्रतल मिळतं. जुन्या आणि नव्या कंट्रोलरचे आलेख एकावर एक ठेवून बघा. जुळले नाहीत तर कोडमध्ये चूक आहे, ती आत्ताच सापडते. जुळल्यावर जिथे भट्टीची गरज आहे तेवढेच आकडे हलवायचे.

"आणि"साठी किमान घेतलं तर प्रतल सपाट राहत नाही, चौकटींच्या आत उताराला घड्या पडतात. किमान वापरू नका असं नाही, पण मग तुलना करायला रेषीय पाया उरत नाही.

पीआयडी_पुरे
म्हणजे फझी म्हणजे शेवटी एक लुकअप टेबलच ना?

त्रिकोणी
दोन इनपुट आणि वरच्या चार अटी असतील तर हो, अगदी तंतोतंत. ७ × ७ नियमांचा कंट्रोलर म्हणजे ४९ आकडे आणि इंटरपोलेशन. यात कमीपणा काही नाही. तक्त्यातला प्रत्येक आकडा वाक्यात वाचता येतो, "चूक थोडी आहे आणि चढण्याचा वेग जास्त आहे, तर हीटर कमी कर", आणि हवा तो एकच बदलता येतो. पीआयडीत एक गुणांक हलवला की सगळीकडचं वागणं हलतं.

मात्र तिसरं इनपुट जोडायचा मोह टाळा. ७ संच असतील तर ३४३ नियम होतात, आणि त्यातले बहुतेक कधी पेटतच नाहीत, म्हणजे लागूच होत नाहीत.

मधुरा_प्रो
+१. आता कोणी न काढलेला मुद्दा: सेन्सर.

मॅक्स६६७५ चं रिझोल्यूशन ०.२५ अंश आणि एका रूपांतरणाला ०.२२ सेकंदांपर्यंत वेळ. त्याहून घाईने वाचलं तर रूपांतरण अर्धवट तुटतं आणि जुनाच आकडा परत मिळतो. मग वेग काही वेळ शून्य आणि मध्येच एकदम मोठा दिसतो.

नीट अंतर राखून वाचलं तरी हिशेब बघा. दर अर्ध्या सेकंदाला वाचून दोन वाचनांतला फरक घेतला, तर शेवटचा एक बिट हलला की वेग दिसतो ०.५ अंश प्रति सेकंद. अशा भट्टीचा खरा वेग ०.२ च्या आसपास असेल. म्हणजे नुसता गोंगाट खऱ्या सिग्नलच्या अडीचपट! नियम कितीही शहाणे असोत, रिले थडथडत राहणार.

उपाय: ८ सेकंदांपूर्वीच्या वाचनाशी तुलना करा. मग एका बिटचा परिणाम ०.०३ वर येतो. वेगाच्या अंदाजाला सुमारे ४ सेकंदांचा उशीर होतो, तो भट्टीच्या स्वतःच्या उशिरापुढे चालून जातो.

रिलेबद्दलही सांगते. शून्य-छेदावर (एसी व्होल्टेज शून्यातून जाताना) स्विच होणारा रिले असेल तर ५० हर्ट्झला १० मिलिसेकंदांचं अर्धं आवर्तन हा सगळ्यात लहान तुकडा. २ सेकंदांची खिडकी (चालू-बंदचं एक चक्र) घेतली की २०० पायऱ्या, म्हणजे ०.५% ची बारकाई. भट्टीला भरपूर झाली.

आणि कंट्रोलर कुठलाही असो, हीटरच्या वायरीत स्वतंत्र थर्मल कट-ऑफ (फार तापलं की वीज तोडणारा) हवाच. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो.

चाकोरी
ममदानी पद्धतीने, म्हणजे आउटपुटलाही संच ठेवून त्यांचा गुरुत्वमध्य काढून केलं तर काय बिघडतं? टूलबॉक्समध्ये तेच आयतं मिळतं.

नियमावली
बिघडतं ते टोकाला. आउटपुट –१ ते १ आणि त्यावर ७ संच धरा. शेवटच्या संचाचं शिखर १ वर आणि पाया ०.६७ पासून, म्हणजे तो अर्धाच त्रिकोण. तो पूर्ण पेटला तरी त्याचा गुरुत्वमध्य ०.८९ वर येतो, अर्धवट पेटला तर आणखी आत. म्हणजे "हीटर पूर्ण" असा नियम लिहूनही हीटरला ८९% च्या वर कधी मिळतच नाही. मग लोक गेन (चुकीला गुणायचा आकडा) वाढवतात आणि मधला भाग हेलकावे खाऊ लागतो. शेवटचे संच १ च्या पलीकडे लांबवून त्यांचा मध्य १ वर आणा, किंवा सरळ सिंगलटन घ्या.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे संचांमध्ये फट राहणं. इनपुट फटीत पडलं की कुठलाच नियम पेटत नाही, भारांची बेरीज शून्य होते आणि शून्याने भागाकार. टोकाच्या संचांना बाहेरच्या बाजूने खांदा द्या (टोकापलीकडे सदस्यता १ च राहू द्या), किंवा इनपुट आधीच मर्यादेत छाटा.

जलाशय
धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नावर, मॉडेलवर, कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. भट्टीऐवजी पाण्याची टाकी घेतो, आकडे हाताने पडताळता येतात.

टाकीच्या तळाला १ चौरस सेंटीमीटरचं छिद्र आहे. आदर्श प्रवाह धरला तर बाहेर जाणारं पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: ०.१ मीटरवर सेकंदाला ०.१४ लिटर, ०.४ वर ०.२८, ०.९ वर ०.४२. आता ताकागी-सुगेनो पद्धतीचं मॉडेल बनवू (त्यांचा लेख १९८५ चा). प्रत्येक नियमाच्या उजव्या बाजूला एक सरळ रेषा:

उंची ०.१ च्या आसपास असेल तर प्रवाह = ०.०७ + ०.७० × उंची
उंची ०.४ च्या आसपास असेल तर प्रवाह = ०.१४ + ०.३५ × उंची

या त्या बिंदूंवरच्या स्पर्शिका आहेत. सुरुवातीचा स्थिरांक विसरू नका. बरेच जण फक्त उतार घेतात आणि मग मॉडेल स्थिर बिंदूवरच चुकतं.

आता मधोमध, ०.२५ मीटरवर बघा. दोन्ही नियम अर्धे-अर्धे पेटतात. पहिला सांगतो ०.२४५, दुसरा ०.२२८, सरासरी ०.२३६. खरं उत्तर ०.२२१. जवळपास ७% जास्त, आणि चूक नेहमी त्याच दिशेला, कारण वर्गमुळाच्या वक्राच्या स्पर्शिका वक्राच्या वरच असतात. नियमांची संख्या वाढवून हे कमी होतं, पण त्याहून बरं म्हणजे स्पर्शिका सोडून सगळ्या मोजमापांवर लघुतम वर्गांनी (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) रेषांचे गुणांक एकत्र बसवणं.

टाकी रिकामी होताना तर मजाच. पहिला नियम उंची शून्य असतानाही ०.०७ लिटर बाहेर सोडतो, म्हणजे सिम्युलेशनमध्ये पाण्याची उंची उणे होते! शून्याजवळ वेगळा नियम हवा, किंवा मॉडेलची हद्द स्पष्ट ठरवायला हवी.

तिसरा मार्ग: वर्गमूळ = उंची × (१ भागिले वर्गमूळ) असं फोडायचं. ०.०५ ते १ मीटर या हद्दीत कंसातली राशी ४.४७ ते १ च्या दरम्यान राहते. ती दोन टोकांमध्ये वाटली की फक्त दोन नियमांत, स्थिरांकाशिवाय, अचूक मॉडेल मिळतं, अर्थात त्या हद्दीपुरतंच.

नियमावली
जलाशय, फार छान प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पुरवणी म्हणून: असं मॉडेल हातात असलं की स्थिरतेचा प्रश्न नीट विचारता येतो. प्रत्येक स्थानिक मॉडेलला स्वतःचा फीडबॅक द्यायचा, आणि सगळ्या जोड्यांना चालेल असं एकच लायापुनोव्ह मॅट्रिक्स (स्थिरता सिद्ध करायचं गणिती साधन) सापडतं का ते संगणकाकडून शोधायचं. सापडलं तर मॉडेलपुरती स्थिरतेची हमी. नाही सापडलं तर प्रणाली अस्थिर आहे असं मात्र होत नाही, कसोटीच कडक आहे. आणि प्रत्येक नियम सुटा स्थिर आहे म्हणून मिश्रणही स्थिर असेलच असं समजू नका.

चाकोरी
एवढं हाताने करण्यापेक्षा एनफिसला (डेटावरून फझी नियम शिकणारी पद्धत) डेटा दिला तर नियम तोच शिकेल ना?

जलाशय
शिकेल, पण डेटा कुठला? चालू कंट्रोलरचा लॉग दिला तर त्यात भट्टी बहुतेक वेळ सेट-पॉइंटजवळच असते. बाकीच्या भागात शिकण्यासारखं काही नसतं, तिथले गुणांक वाट्टेल तसे येतात. शिकवायचंच असेल तर कंट्रोलर काढून हीटरला कमी-जास्त शक्तीच्या पायऱ्या द्या, काही छोट्या, काही भट्टी स्थिरावेपर्यंत लांब, आणि पूर्ण पट्टा व्यापा. लॉगचा एक भाग तपासणीसाठी बाजूला ठेवा. तपासताना मॉडेलला फक्त हीटरची शक्ती द्या आणि तापमान त्याचं त्यालाच पुढे चालवू द्या. मागचं मोजलेलं तापमान दर पावलाला पुरवलं तर भिकार मॉडेलही सुरेख दिसतं.

गिअरबॉक्स
अवांतर: मोटोरोलाच्या ६८एचसी१२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये फझीसाठी प्रोसेसरच्याच सूचना होत्या: सदस्यता काढायला एक, किमान-कमाल नियमांना एक, भारित सरासरीला एक. आज साध्या चिपवरही १५-२० नियम म्हणजे काहीच नाही, वेगासाठी डोकं खाजवायची गरज नाही.

कासवगती
सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली. इंटिग्रलही गोठवला, ६० वरची उडी ४-५ अंशांवर आली.

६० जवळ: पूर्ण शक्तीवर मिनिटाला १२ अंश चढते, बंद केल्यावर सुमारे २ उतरते.
२०० जवळ: चढते ४, उतरते जवळपास १०.
स्थिर राहायला शक्ती: ६० ला १३%, १०० ला २८%, १५० ला ४७%, २०० ला ७०%.
हीटरची शक्ती बदलल्यापासून तापमानात फरक दिसेपर्यंत सुमारे २० सेकंद.

पीडीसाठी ५% प्रति अंश हा गेन ठीक वाटतोय. वेगाचा पट्टा ± ०.२ अंश प्रति सेकंद ठेवू ना? तेवढाच तर खरा वेग आहे.

वाफारा
बघा, चढ-उताराचं गुणोत्तर उलटंपालटं झालंय. ६० ला चढणं सहापट वेगवान, २०० ला उतरणं अडीचपट. एकाच ट्यूनिंगमध्ये दोन्ही बसणार कसं?

त्रिकोणी
पट्ट्याबद्दल थांबा, इथे एक सापळा आहे. चूक ± २० अंशांच्या पट्ट्यात आणि वेग ± ०.२ च्या पट्ट्यात, दोन्ही –१ ते १ वर आणून एकसारखं वजन दिलंत, तर तुम्ही नकळत डेरिव्हेटिव्हचा काळ २० ÷ ०.२ = १०० सेकंद ठरवलात. मग पूर्ण वेगाने चढताना भट्टी सेट-पॉइंटच्या ४० अंश आधीच हीटर कमी करू लागेल आणि शेवटी रांगत जाईल. उशीर २० सेकंदांचा आहे, तर तो काळही २० सेकंदांच्या आसपास हवा. २० सेकंद × ०.२ = ४ अंश, आणि ६० वर तुमची उडी ४-५ अंशांचीच आहे.

म्हणून पायाभूत सूत्र: उ = ५ × (च – २० × व). च म्हणजे चूक अंशांत, व म्हणजे तापमान चढण्याचा वेग, उ टक्क्यांत. यात स्थिर शक्तीची, म्हणजे तापमान टिकवायला लागणाऱ्या टक्क्यांची, भर घालायची. तुमचे १३, २८, ४७, ७० हे चार आकडे इंटरपोलेट केले की तेच चार नियमांचं सुगेनो मॉडेल झालं. तिसऱ्या इनपुटचं काम ते परस्पर करतं.

संचांची शिखरं: चूक –२०, –५, ०, ५, २०, वेग –०.२, ०, ०.२. एकूण १५ नियम. त्यातले मधले आकडे सूत्राने असे येतात:

च = ५, व = ०.२ : ५%
च = ५, व = ० : २५%
च = ०, व = ०.२ : –२०%
च = –५, व = ० : –२५%

आता फक्त दोन बदल. पहिल्यातले ५ काढून –१५ करा. ६० ला स्थिर शक्ती १३, म्हणजे बेरीज शून्याखाली: पूर्ण वेगाने चढताना ५ अंश आधीच हीटर बंद आणि उरलेलं अंतर साठलेली उष्णता कापते. दुसऱ्यातले २५ चे ३० करा. २०० ला ७० + ३० = १००, म्हणजे ५ अंश कमी असताना भट्टी थबकली तर पूर्ण जोर मिळतो. २०० ला वेग ०.०७ च्या वर जातच नाही, त्यामुळे पहिल्या बदलाचा तिथे थोडाच परिणाम होतो. बाकी १३ आकडे आहेत तसेच.

पीआयडी_पुरे
स्थिर शक्तीचा तक्ता हा खरा कळीचा भाग, हे मान्य. तेवढ्यावर आणि साध्या पीडीवर आधी चालवून बघा, मगच ते दोन आकडे हलवा. म्हणजे सुधारणा नेमकी कशामुळे झाली ते कळेल. आणि पीडीला उरलेली चूक भरता येत नाही, त्यासाठी हळू इंटिग्रल लागेलच.

त्रिकोणी
सहमत. इंटिग्रलचा काळ ६०० सेकंद, चूक ५ अंशांच्या आत असतानाच चालू, आणि योगदान ± १०% च्या आत. स्थिर शक्तीच्या तक्त्यातली खोलीच्या तापमानामुळे पडणारी तफावत भरून काढणं, एवढंच त्याचं काम.

आणि लॉग काढा: आडव्या अक्षावर चूक, उभ्यावर वेग, त्यावर नियमांची जाळी. भट्टीचा मार्ग जाळीत कुठून जातो ते दिसलं की कुठला नियम पेटतो आणि कुठला नुसता बसून आहे ते लगेच कळतं.

कासवगती
आजच बसवतो. एक शंका राहिली: दार उघडून नमुना ठेवला की तापमान धाडकन पडतं, मग दार लावल्यावर पुन्हा वर उडी. त्यासाठी वेगळा नियम हवा का?

मधुरा_प्रो
नियम नको. थर्मोकपल हवेचं तापमान सांगतं आणि दार उघडल्यावर फक्त हवा निवते, भिंती गरमच असतात. दार लावलं की भिंती हवेला परत तापवतात. कंट्रोलरने मधल्या वेळात पूर्ण शक्ती दिली असेल तर ती जास्तीची ठरते. दाराला एक मर्यादा-स्विच लावा. दार उघडं असताना आणि लावल्यावर ६० सेकंद फक्त स्थिर शक्तीच द्या, इंटिग्रल गोठवा. पुन्हा चालू करताना वेगाचा ८ सेकंदांचा बफर ताज्या वाचनाने भरून घ्या, नाहीतर दार उघडं असतानाची वाचनं त्यात राहून पहिलाच आदेश चुकीचा जाईल. नमुना जड आणि थंड असेल तर ६० सेकंद जास्त होतील, तिथे ३० पासून सुरू करून लॉग बघा.